फड्या निवडुंगाचं चौथं पान

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सकाळी सातला फोन वाजला. "सर, निवडुंग तिसऱ्यांदा फसला. आता चांगल्या कागदाचा एकच तुकडा राहिलाय."

फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या अलीकडच्या एका गावची पोरगी. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला माझ्याकडे शिकली, पुढे ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली, आता तिकडेच एका शाळेत कलाशिक्षिका आहे. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं तिला एक काम दिलं होतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. त्या नोंदवहीसाठी माळावरच्या बारा वनस्पतींची जलरंगातली पानं तिनं करायची होती. फोटो चिकटवून भागलं असतं, पण गावात चित्रकार असताना फोटो कशाला, असं सरपंचबाईंचं म्हणणं पडलं. मानधन जेमतेम. कागद आणि रंगांचा खर्च मात्र समितीचा.

तरवड झाला, रुई झाली, हिवर झाला. घायपातही बरा उतरला. नेपती आणि शेर बाकी होते, पण त्यांची तिला धास्ती नव्हती. अडलं ते फड्या निवडुंगावर. बालवाडीतलं पोरही तीन लंबगोल एकावर एक रचून, वर रेघा मारून निवडुंग काढतं. तीन दशकं चित्रकला शिकवून मलाही तो तितकाच सोपा वाटत होता. म्हणूनच या एका पानाची हकीकत सविस्तर लिहितोय. तिला मिळालेला प्रत्येक सल्ला बरोबर होता, आणि तरी चित्र बसत नव्हतं. त्यातला निम्मा सल्ला माझाच होता.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून पहिली एसटी धरली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले. खिडकीत बसून रंग बघत गेलं की हा रस्ता एखाद्या धड्यासारखा उलगडतो. कोरेगावपर्यंत ऊस असतो, काळी माती असते. पुसेगाव मागं पडलं की माती फिकट होत जाते आणि दहिवडीपुढे सगळीकडे तांबूस मुरूम. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माण तालुक्याला पाचशेच्या आतबाहेर मिळाला तरी लोक खूश असतात. सह्याद्री ढग अडवतो आणि पलीकडे कोरडं वारं सोडतो. माणला वाळवंट म्हणता येणार नाही, पण एप्रिलमध्ये ओला ब्रश हातात घेऊन उभं राहिलं की तो फरक फारसा जाणवत नाही.

फड्या निवडुंग मात्र खरोखर परदेशी रुक्ष मुलखातला आहे. त्याचं मूळ अमेरिकेत. वसाहतीच्या काळात तो इकडे आणला गेला तो एका किड्यासाठी. निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यापासून किरमिजी रंग काढतात, तो धंदा इथे उभारायचा होता. धंदा काही धड उभा राहिला नाही, पण निवडुंग मात्र बांधाबांधाला पसरला. पुढे १९२६ साली त्याच किड्याच्या एका भाईबंदाला दक्षिण भारतात सोडलं, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. समितीच्या बैठकीत एका सदस्यानं विचारलंही होतं, की परका आहे तर आपल्या वहीत कशाला? त्यावर दुसऱ्यानं उलट विचारलं, मग घायपातही काढून टाकायचा का? तोही मेक्सिकोचाच. विषय तिथंच थांबला आणि निवडुंग वहीत राहिला.

तिच्या घरी पोचलो तेव्हा तिन्ही फसलेली पानं तिनं सोप्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. अर्ध्या तासात मी तिच्याकडून एकेका पानाची कथा काढून घेतली.

तीन फसलेली पानं

पहिलं पान तिनं बांधावर बसून, सकाळी साडेदहाला सुरू केलं होतं. ट्यूबमधला सॅप ग्रीन, थोडा पिवळा, भरपूर पाणी आणि अख्ख्या झुडपावर एकच मोठा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर. तो ओला असतानाच सावलीच्या जागी गडद रंग सोडायचा, म्हणजे एक रंग दुसऱ्यात हळुवार विरघळतो. मी साताऱ्यात श्रावणात शिकवायचो तेच हे तंत्र. चित्रात मात्र झुडपाच्या मधोमध एक आडवी कड धरली होती. वॉश खाली पोचेपर्यंत वरचा भाग वाळला होता. मग तिनं घाईघाईनं पुन्हा पाणी मारलं, ते अर्धवट वाळलेल्या रंगात घुसलं आणि नालाच्या आकाराचे फिकट डाग पडले. शिवाय सगळा निवडुंग पालकाच्या जुडीसारखा हिरवा दिसत होता.

दुसऱ्या पानाला तिनं काटे राखून ठेवायचं ठरवलं. व्हिडिओ बघून मास्किंग फ्लुइड मागवलं. हा रबराचाच चीक, त्यात अमोनिया घातलेला असतो. कागदावर लावला की त्याखाली रंग जात नाही, वाळल्यावर बोटानं चोळून काढायचा आणि खाली पांढरा कागद मिळतो. तिनं ब्रशनं काटे काढले, उन्हात वाळवले, रंग दिला आणि शाळेच्या परीक्षेच्या गडबडीत पान दोन दिवस तसंच ठेवलं, तेही पत्र्याच्या खोलीत. या चिकाला ऊन लागलं किंवा तो जास्त वेळ राहिला, की तो कागद सोडत नाही. चोळताना कागदाची सालंच निघाली. जिथं काटे सुटले तिथंही ते काट्यांसारखे दिसत नव्हते. सगळे एकाच जाडीचे, टोकाला बोथट, शेवयांचे तुकडे चिकटवल्यासारखे. ब्रश गेला तो वेगळाच.

तिसऱ्यांदा तिनं सरळ पांढरा पोस्टर रंग घेतला आणि हिरव्यावर काटे ओढले. एक-एक काटा नीट दिसत होता, पण खालचे पारदर्शक रंग मेल्यासारखे झाले. उन्हात काटा लख्ख पांढरा आणि पुढच्याच सावलीत काळपट दिसतो. इथे सगळीकडे सारखाच दुधी पांढरा होता. या पानावर तिच्या आजीनं एका वाक्यात निकाल दिला होता. आजी शेळ्या घेऊन रोज त्याच बांधावरून जायची. "आगं पोरी, फडी कवा आसली हिरवीगार बगितलीस? पावसाळ्यात बी न्हाई आसत."

तीन पानांतली चूक मला तेव्हा तीन ठिकाणी दिसत होती: वेळ, हत्यार आणि रंग. खरं म्हणजे ती एकच चूक होती, पण ते कळायला दुसरी सकाळ उजाडावी लागली.

सकाळी सात, नऊ आणि अकरा

दुसऱ्या दिवशी मी तिला चित्र काढूच दिलं नाही. बांधावर गेलो आणि उरलेल्या फसलेल्या कागदांच्या पट्ट्या फाडल्या. कागद तोच, ३०० ग्रॅमचा (चौरस मीटरला) जाड सुती. तिला म्हटलं, यावर नुसता वॉश मार आणि बघत बस. ओला कागद आधी आरशासारखा चकाकतो. मग चकाकी जाते आणि ओलसरपणा राहतो. मग तोही जातो. चकाकी आहे तोवर रंगात रंग सोडता येतो. चकाकी नुकतीच गेली की हात आखडता घ्यायचा, कारण तेव्हा घातलेलं पाणी डागच पाडणार. पूर्ण वाळलं की पुढचा थर द्यायला मोकळे.

सकाळी सातला लिंबाच्या सावलीत चकाकी जायला तीनेक मिनिटं लागली. नऊला ती निम्म्यावर आली. अकराला उघड्यावर मी मोठ्यानं आकडे म्हणत होतो, चाळीसपर्यंतही पोचलो नाही. पट्टी पांढरी फटक पडली आणि कोपरे वर वळले. वारं होतंच. साताऱ्यात पावसाळ्यात हाच वॉश दहा-दहा मिनिटं ओला राहतो, आणि माझी सगळी शिकवण त्या दहा मिनिटांवर उभी होती. हे कबूल करायला जरा जड गेलं.

यावर उपाय आहेत आणि आम्ही ते केलेही. पाण्याच्या पेल्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब घातले की रंग जरा सावकाश वाळतो. जास्त पडलं तर कागद चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून हात राखून. तिच्या आईचं जुनं सुती लुगडं भिजवून फळीवर घडी करून अंथरलं आणि कागद मागून ओला करून त्यावर ठेवला. खालून ओल मिळत राहते. बोअरचं पाणी क्षारांचं, वाळल्यावर वॉशच्या कडेला पांढुरकी रेघ राहायची, म्हणून जारचं पाणी आणलं. एवढं सगळं करूनही नऊ वाजता पाच मिनिटांच्या वर काही मिळत नव्हतं.

याच दरम्यान मी एक शहाणपणा केला. रंग पुसायचं फडकं वाळायला म्हणून निवडुंगावरच टाकलं आणि थोड्या वेळानं त्याच फडक्यानं घाम पुसला. फड्या निवडुंगाचे मोठे काटे दिसतात तरी. प्रत्येक झुबक्याच्या बुडाशी केसाएवढी बारीक कुसळं असतात, त्यांना उलटे दात असतात आणि ती नुसत्या स्पर्शानं सुटून येतात. सबंध कपाळ चरचरायला लागलं. आजीनं चिकटपट्टी लावून ती काढली आणि हसली. चित्रकारानं हे लक्षात ठेवावं. बोर्ड, स्पंज, फडकं, काहीही या झाडाला टेकवू नये. आणि शेर किंवा त्रिधारी निवडुंग रंगवताना फांदी मोडून जवळ आणायची तर चीक डोळ्याजवळ जाऊ देऊ नये. ती झाडं वेगळ्याच कुळातली, एरंडाच्या नात्यातली. मोडल्यावर दुधासारखा चीक येतो तो त्यांना. फड्याला असा चीक नसतो.

चित्राचा पेच सुटला तो कपाळावरची कुसळं काढत बसलो असताना. समोर झुडूप होतं. मी तिला विचारलं, "हे झाड किती तुकड्यांचं आहे?" तिनं मोजले. सतरा फडे दिसत होते. प्रत्येक फडा म्हणजे चपटं झालेलं खोड. एकाच्या कडेवर दुसरा उगवतो, त्याच्या कडेवर तिसरा. आणि प्रत्येक फड्याला स्वतःची स्पष्ट कड असते. तिन्ही पानांतली एकच चूक ती हीच: समोरचं झाड न बघता आम्ही पाठ केलेली रीत त्याच्यावर लादत होतो.

जे झाड मुळातच कडांनी जोडलेलं आहे, त्याच्यावर अखंड वॉश मारायचाच कशाला? एक फडा म्हणजे एक वॉश. तळहाताएवढ्या जागेत मधल्या आकाराच्या ब्रशनं दोन मिनिटांत काम संपतं. कड धरली तरी ती जिथं हवी तिथंच धरते. पहिल्या पानात ज्या कडेनं घात केला, तीच कड इथे रेखाटनाचं काम करणार होती. फक्त शेजारचे दोन फडे एकाच वेळी ओले ठेवायचे नाहीत, नाहीतर रंग एकमेकांत वाहतो. आधी पहिला, तिसरा, पाचवा. ते वाळेपर्यंत दुसरीकडचे. मग मधले. या हवेत वाळायला वेळ लागत नाही ही तक्रार होती, आता तीच सोय झाली.

हिरवा कुठे आहे?

रंगाचा प्रश्न आजीनं आधीच सोडवला होता, आम्ही फक्त पुरावा शोधला. पोस्टकार्डाला छोटं भोक पाडलं आणि एक डोळा मिटून, भोकातून फड्याचा एकेक भाग बघायचा. आजूबाजूचं काही दिसत नाही, त्यामुळे "निवडुंग म्हणजे हिरवा" असं मन आधीच सांगत नाही. पहिल्याच फड्याला ती म्हणाली, "सर, हा तर राखाडी आहे."

फड्यावर मेणाचा पातळ थर असतो. आतलं पाणी उडू नये म्हणून झाडानंच केलेली ती तरतूद. त्यामुळे वर आभाळाकडे असलेला भाग निळसर राखी दिसतो. जिथं ऊन थेट पडतं तिथं जवळजवळ पांढुरका पिवळा. आणि सावलीची बाजू, जी आपण डोळे मिटून गडद हिरवी करून टाकतो, ती खालच्या तांबड्या मुरुमाचा उजेड घेऊन बसलेली असते. बुडाजवळच्या फड्यांत तर स्पष्ट तांबूस झाक होती. सर्वांत जुने फडे हिरवे राहिलेलेच नव्हते. ते सालीसारखे, करडे आणि भेगाळलेले होते.

सॅप ग्रीनची ट्यूब बाजूला ठेवली. गडद निळा अल्ट्रामरीन आणि मातकट पिवळा यलो ऑकर एकत्र केले की मळकट, जुनाट हिरवा मिळतो. त्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनाचा अगदी टोकभर स्पर्श दिला की तो माळावरचा होतो. वरच्या भागासाठी आभाळी निळा सेरुलियन आणि चिमूटभर ऑकर. सेरुलियनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर बारीक दाणेदार पोत येतो. फड्यावरच्या मेणाच्या भुकटीला तो इतका शोभतो की वेगळं काही करावंच लागत नाही. सावलीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, खाली जाताना सिएना वाढवत न्यायचा.

थॅलो ग्रीन हा भडक हिरवा मात्र मी तिच्या पेटीतून काढूनच घेतला. कारण चवीचं नाही, कामाचं आहे. मेणाची चमक दाखवायला आम्ही वाळलेल्या रंगावर ओलसर ब्रश फिरवून रंग उचलणार होतो. अल्ट्रामरीन, सेरुलियन सहज उचलले जातात. थॅलो कागदाला डाग पाडून बसतो, कितीही चोळलं तरी हलत नाही.

काट्यांचे तीन प्रकार

इथे आमचा सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो लागायलाच हवा होता.

आधी काटे कुठून निघतात ते. उसाच्या कांडीवर जसा डोळा असतो, तसे फड्यावर डोळे असतात. काटे त्या डोळ्यांतूनच झुबक्यानं येतात, मधल्या जागेतून कधीच नाही. आणि डोळे कसेही विखुरलेले नसतात. तिरप्या ओळींत असतात, एक ओळ डावीकडून वर जाणारी, दुसरी उजवीकडून, पतंगीच्या जाळीसारखी. मी तिला फक्त पेन्सिलनं ही जाळी काढायला लावली. फडा जरा फुगीर असतो, म्हणून मधल्या चौकटी मोठ्या आणि कडेला जाताना दाटत गेलेल्या. ती जाळी बरोबर पडली आणि अजून रंगाचा थेंबही न लावता फडा गोल दिसायला लागला. आधीच्या तिन्ही पानांत तिनं डोळे सारख्या अंतरावर दिले होते. त्यामुळे कितीही छटा दिल्या तरी फडा पुठ्ठ्यासारखा सपाट राहिला होता.

मग काटे. बसून मोजून बघितलं तर तीन प्रकारचे काटे होते. जातीनं नाही, दिसण्यानं.

आभाळापुढे आलेले काटे, म्हणजे फड्याच्या कडेवरचे, काळपट दिसतात. ते सरळ ब्रशनं काढायचे: सिएना आणि अल्ट्रामरीन, डोळ्यापासून बाहेर झटका देत, म्हणजे बूड जाड आणि टोक आपोआप निमुळतं होतं. उलट दिशेनं ओढला तर बोथट होतो.

सावलीतल्या फड्यापुढे उन्हात आलेले काटे लख्ख दिसतात. मास्किंग याच काट्यांसाठी लागतं असं सांगतात. आम्ही दाढीचं नवं पातं घेतलं. रंग पूर्ण वाळल्यावर, अगदी सुकून खडखडीत झाल्यावर, पात्याच्या कोपऱ्यानं टोकाकडून डोळ्याकडे एक हलकी रेघ खरवडायची. खालचा पांढरा सुती कागद उघडा पडतो आणि रेघ काट्याइतकीच बारीक येते. जाड कागदावरच हे जमतं. आणि हे शेवटचंच काम असतं, कारण खरवडलेल्या जागी पुन्हा रंग लागला तर तो शोषला जाऊन काळा डाग पडतो.

तिसरे काटे सरळ आपल्याकडे रोखलेले. हे कुणीच नीट काढत नाही, कारण त्यांना लांबीच दिसत नाही. तिथं फक्त डोळ्याचा तपकिरी ठिपका आणि त्याखाली काट्याची सावली. सकाळच्या तिरप्या उन्हात ही सावली काट्यापेक्षा लांब पडते आणि फड्याच्या फुगीरपणावरून जाताना किंचित वाकते. आम्ही एका फड्यावर फक्त सावल्या काढल्या, काटा एकही काढला नाही. तिनं पान दोन हात लांब धरलं आणि हात मागे घेतला. "टोचतंय सर."

अट एकच. सगळ्या सावल्या एका दिशेनं हव्यात. ऊन फिरतं, म्हणून सुरुवातीलाच कागदाच्या कडेला पेन्सिलनं एक बाण काढून ठेवला आणि नंतर झाडाकडे न बघता बाणाकडे बघून सावल्या दिल्या.

मास्किंग फ्लुइड मी अगदी टाकाऊ म्हणणार नाही. नंतर एका टाकाऊ तुकड्यावर ते आम्ही बाभळीच्या लांब काट्यानं लावून बघितलं. टोक बारीक असल्यानं रेघ छान आली, ब्रशही वाचला. सावलीत लावून तासाभरात काढलं तर कागदही शाबूत राहिला. पण एकच चांगला कागद हातात असताना हा जुगार नको वाटला.

बोंडाचा लाल

गेल्या हंगामाची थोडी बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, झुडपावर होती. पोरगी लहानपणी त्यांच्या रसानं वहीत चित्रं रंगवायची. माण-खटावात निवडुंगाच्या बांधाजवळ वाढलेल्या बहुतेकांनी हे केलेलं असतं, जीभ लाल करून घरी बोलणी खाल्लेली असतात. तो रस कागदावर पहिल्या दिवशी डोळे दिपवतो आणि मग तपकिरी होत जातो. त्या वह्या आता नाहीत, पण तिच्या खिडकीच्या काचेवर तिनं वर्षभरापूर्वी चिकटवलेली रंगांची एक पट्टी होती. शाळेतल्या मुलांना दाखवायला केलेली. पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकलेला, अर्धा उघडा. क्रिमसन लेक नावाच्या स्वस्त रंगाचा उघडा भाग पाण्यात धुतल्यासारखा झाला होता.

निवडुंगावरच्या किड्यापासून काढलेला खरा कार्माइनही असाच उडतो. ज्या रंगासाठी हे झाड समुद्र ओलांडून आलं, त्या रंगानं त्याचं बोंड रंगवलं तर काही वर्षांत फिकट पडणार! अलिझरिन क्रिमसनचा जुना प्रकारही भरवशाचा नाही. नोंदवही टिकायची असते, म्हणून क्विनाक्रिडोन रोज हा टिकाऊ गुलाबी-लाल घेतला, त्यात सावलीला अल्ट्रामरीन. बोंडावरही मेणाची झाक असते, ती ओल्या ब्रशनं उचलून काढली.

चौथं पान

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बसलो, लिंबाच्या सावलीत. साडेनऊला उठलो. सातत्यानं एवढा वेळ तिनं ब्रश धरला आणि मी फक्त पाणी बदलत राहिलो.

एक वाद मात्र झाला. समितीला पार्श्वभूमी कोरी पांढरी हवी होती, शास्त्रीय चित्रात असते तशी. ही पद्धत जुनीच. १८४७ ते १८५० च्या सुमारास पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन या अधिकाऱ्यानं एका चित्रकाराकडून वनस्पतींची अशी दीडशेहून जास्त चित्रं करून घेतली होती. आज ती एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढं कळतं, नाव मात्र उरलेलं नाही. कोऱ्या पांढऱ्यावर झाड नीट ओळखू येतं हे खरं. पण आमच्या खालच्या फड्यांत मुरुमाची तांबूस झाक होती. खाली मुरूमच नसेल तर ती झाक कुठून आली? शेवटी झुडपाच्या बुडाशी हातभर मुरुमाची पट्टी दिली, वरती सगळं कोरं ठेवलं. समितीनंही फार ताणलं नाही.

डाव्या बाजूच्या खालच्या फड्यावर एक डाग पडला. चकाकी गेल्यावर तिनं मोह न आवरून एक थेंब सोडला, त्याचाच तो. तिला तो उचलून काढायचा होता, मी नको म्हटलं. जुन्या फड्यांवर किडीचे असे डाग असतातच, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, "मला कळेल." उन्हामुळे मग तो विषय राहिला. पण शाळा सुरू झाल्यावर तिनं तो डाग घरी बसून, ओल्या ब्रशनं निम्मा तरी उचललाच.

या पानावरून बाकीच्या झाडांना एकच नियम लावता येईल असं मात्र नाही. घायपाताला फडे नाहीत, लांब पानं आहेत. तिथं वॉश बुडापासून टोकापर्यंत एका दमात न्यावाच लागतो, म्हणून तो सकाळी सातच्या आतच. घायपाताची एक खूण तिच्या आधीच्या पानात सुटली होती, ती मी दाखवली. पानं कोवळी असताना एकमेकांना घट्ट चिकटून असतात, म्हणून मोठ्या पानावर शेजारच्या पानाच्या दातांचे ठसे कायमचे उमटलेले असतात. ओलसर ब्रशच्या कडेनं रंग उचलून ते ठसे दिले की घायपात लगेच ओळखू येतो. शेर मात्र अजून जमलेला नाही. नुसत्या पेन्सिलीएवढ्या हिरव्या काड्यांचा गुंता, ना पानं, ना कडा. त्याला कोरड्या ब्रशनं हात घालून बघतोय.

जूनमध्ये बारापैकी दहा पानं पंचायतीच्या कार्यालयात लावली. निवडुंगासमोर उभे राहून एक सदस्य म्हणाले, "झकास आहे, पण जरा हिरवं करता आलं तर बघा." ती काही बोलली नाही. आजी पाठीमागं उभी होती. चष्मा वर करून तिनं पान जवळून बघितलं, मग जरा लांबून.

"ही आपल्या बांधावरची न्हवं. ही लिंबाखालची, शाळंच्या वाटंवरची."

बरोबर होतं. आम्ही झुडूप बदललं होतं, सावलीसाठी. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"बोंडं मातूर जास्ती काढल्यात," आजी म्हणाली. "येवढी पोरं ठेवत न्हाईत तिथं."